नारळ, नळी आणि जेसीबी

बोअरची गाडी नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या उमरीत शिरते ती बहुधा रात्रीच. गाडी म्हणजे दोन अवाढव्य ट्रक. एकावर आडवा निजवलेला लोखंडी मनोरा, दुसऱ्यावर पाईप आणि सात-आठ माणसांचा संसार. नंबरप्लेट तमिळनाडूची. देशभर जमिनीला भोकं पाडत हिंडणाऱ्या या गाड्यांचं माहेर नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेनगोड. गल्लीतल्या विजेच्या तारा बांबूनं उचलून धराव्या लागतात, कुणाची तरी पायरी जाते, कुणाच्या तुळशीवृंदावनाला खरचटतं, आणि लाखांत मोजता न येणारी ती सामग्री अखेर प्लॉटवर येऊन उभी राहते. मग इंजिन बंद होतं आणि सगळे नुसते बसून राहतात. कारण पाणाड्या यायचा असतो.

पाणाड्या मोटरसायकलवरून येतो. पिशवीत एक नारळ. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो प्लॉटभर संथ चालतो. नारळ जिथं उभा राहील तिथं फक्कीचा टिपका आणि टिपक्यावर मनोरा. गाडीवरची माणसं नारळाच्या मुलखातली. नारळाला नोकरीवर ठेवलेलं त्यांना नवं नसावं. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, तिच्याकडं भूवैज्ञानिक आहेत, जमिनीतून वीज सोडून खडक ओळखायची उपकरणं आहेत. पण इथल्या कठीण खडकात पाणी असतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. त्यामुळं एकाला दीडशे फुटांवर लागतं आणि शेजाऱ्याला चारशे फुटांपर्यंत नुसता धुरळा. दहा पावलांवर नशीब बदलतं अशा जागी शास्त्रज्ञापेक्षा नारळाचा भाव जास्त असणार.

आमच्या गल्लीत एका निवृत्त गुरुजींचं घर उभं राहिलं. आम्ही शेजारधर्म म्हणून ते रोज उभं राहून पाहिलं. तेव्हापासून माझं एक मत झालंय : बांधकामावरचं यंत्र जितकं वजनदार, तितका त्याचा कारभार हलक्या वस्तूच्या हाती. इंजिनिअर लोकांना हे पटणार नाही. पण इंजिनिअर साइटवर येतात केव्हा?

भूमिपूजनापासूनच बघा. मुहूर्त ठरला, भटजी ठरले, कुदळीचा पहिला घाव घालायला पाहुणे ठरले. सकाळी लक्षात आलं की गल्लीत कुणाकडंच कुदळ नाही. जेसीबी तीन फोन नंबरांवर मिळत होता, कुदळ मिळेना. शेवटी मोंढ्यामागच्या एका म्हातारबांनी माळ्यावरची काढून दिली. दांडा सैल होता. पाहुण्यांनी घाव घातला तेव्हा फाळ मातीत राहिला आणि दांडा फोटोत आला.

जेसीबीचं मूळ कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगतो. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थानं १९४५ साली, युद्धातलं भंगार जोडून, भाड्याच्या गॅरेजात शेतीची एक ट्रॉली बनवली आणि बाजारात नेऊन ४५ पौंडांना विकली. कंपनीला त्यानं आपल्याच नावाची आद्याक्षरं दिली. १९७९ पासून ही यंत्रं भारतातही बनायला लागली. आपल्या नावानं उमरीत कुणाचा तरी बांध कोरला जाईल आणि पुढची पंचवीस वर्षं दिवाणी कोर्टात तारखा पडतील, असं त्या माणसाच्या स्वप्नात आलं नसेल.

जेसीबी आला की प्रेक्षक येतात. हे फक्त उमरीत होत नाही; २०१९ साली जेसीबीची खुदाई बघणाऱ्या गर्दीवरून सगळ्या देशानं मोबाईलवर हसून घेतलं होतं. पण आमचा प्रेक्षक नुसता बघत नाही, तो परीक्षण करतो. लिंबाखाली बसलेल्या चार म्हाताऱ्यांची कमिटी असते. आधी ऑपरेटरचं वय ठरतं, मग त्याचं गाव, मग त्याचा मामा कोण ते. मग विषय हळूहळू ३० जानेवारी १९४८ वर जातो. रझाकारांच्या काळात, हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी, स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली तो दिवस. गावाचं नाव इतिहासात गेलं ते असं, काही बांधून नव्हे. कमिटीतल्या कुणाचा जन्म तेव्हा झाला नव्हता, पण तपशील प्रत्येकाकडं वेगळा आणि डोळ्यांनी पाहिल्यासारखा. तोवर इकडं पायाचा खड्डा फूटभर वाकडा गेलेला असतो.

तो का वाकडा जातो, हे नीट सांगायला हवं. मिस्त्री भल्या पहाटे येऊन खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो. काटकोन काढायला तीन फूट, चार फूट आणि पाच फूट असं माप धरतो. शाळेत प्रमेयाच्या तासाला ज्याला अंगठे धरून उभं केलं होतं, तोच हा मिस्त्री. केलं कुणी होतं, ते गुरुजींना आठवत नाही, मिस्त्रीला आठवतं. मग दोरीच्या कडेनं पांढरी फक्की सोडून आखणी होते. अगदी कागदावर काढावी तशी. त्यानंतर जेसीबी प्लॉटवर चढतो, वळायला जागा घेतो, आणि सात-साडेसात टनांचं ते धूड पहिल्या फेरीतच सगळी फक्की चाकाखाली पुसून टाकतं. आता कुठं खणायचं? मिस्त्री पुन्हा दोरी घेऊन पुढं. यंत्र उभं, इंजिन चालू, आणि तासाचा मीटर पळतोय.

हा मीटर ऑपरेटरच्या केबिनमध्ये असतो, मनगटी घड्याळाएवढा. इंजिन चालू आहे तोवर तो चालू. बकेट हलते की नाही याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. दुपारी ऑपरेटरला घरून फोन आला. इंजिन तसंच ठेवून त्यानं बायकोशी मनमोकळं भांडण केलं. गुरुजी खाली उभं राहून हातानं ‘बंद कर, बंद कर’ अशा खुणा करत होते. त्याला वाटलं, भांडण बंद करायला सांगतायत. तो म्हणाला, “गुरुजी, तुमी मधी पडू नका, ही लई दिवसांची भानगड हाय.” ते भांडण गुरुजींना पाऊण तासाच्या भाड्याला पडलं.

बरं, खोल खणल्याशिवाय गत्यंतर नाही. उमरीची काळी माती कापसाला देव आणि पायाला दैत्य. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची भिंत दोन्ही ऋतूंत तिच्या तालावर डोलते. म्हणून मुरूम लागेपर्यंत जायचं. मुरूम लागला हे कुणी ठरवायचं? मिस्त्री पहार उचलतो, खड्ड्यात टाकतो आणि आवाज ऐकतो. ‘धप्प’ आला तर अजून खाली, ‘टण्ण’ आला तर बस. त्या आवाजावर जेसीबी परत जातो.

परत कुठं जातो, तर बहुतेक वेळा मिरवणुकीला. निवडणुकीचा काळ असेल तर पायाखुदाईची तारीख पुढाऱ्याच्या दौऱ्यावर अवलंबून. रस्त्याच्या दुतर्फा जेसीबी उभे करून बकेटमधून फुलं उधळायची आणि क्रेनला टांगलेला हार वरून खाली सोडायचा, ही महाराष्ट्राची आता मान्यताप्राप्त रीत आहे. हार खालच्या माणसापेक्षा मोठा असतो आणि त्याला तो घालता येत नाही. तो हारात शिरतो. गुरुजींचा पाया अर्धा झाला असताना जेसीबी असाच एका स्वागताला गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा पहिल्या बकेटबरोबर खड्ड्यात झेंडूच्या पाकळ्या पडल्या. गुरुजींनी तो शुभशकुन मानला. काम बुडालं होतं, पण शकुनाचे पैसे कोण लावतो?

वाळूबद्दल फार लिहीत नाही. वाळूबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणीच काही बोलत नसतं. सरकारनं २०२३ साली ६०० रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं. ते कात्रण गुरुजींनी जपून ठेवलंय. ब्रास म्हणजे १०० घनफूट, निदान पाठ्यपुस्तकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तो ब्रास कधी ८५ होतो, कधी ८०. गुरुजींनी एकदा टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजली आणि गुणाकार करून दाखवला. ट्रॅक्टरवाला अदबीनं म्हणाला, “गुरुजी, गणित बरोबर हाय तुमचं. पण वाळू वल्ली हाय, बसली रस्त्यानं.” गोदावरी इथून फार लांब नाही. तिथून उमरीपर्यंत येता येता वाळू किती बसू शकते, यावर खरं तर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

आता नळी. बांधकामावरच्या सगळ्या हत्यारांत माझं मन बसलंय ते या नळीवर. तीस-चाळीस फूट लांब, करंगळीएवढी जाड, आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी. तिला लेव्हल पाईप म्हणतात. लेझरचं यंत्र नांदेडला भाड्यानं मिळतं, लाकडी पाणसळही मिस्त्रीच्या पिशवीत असते. पण जोत्याची उंची चारी कोपऱ्यांना सारखी आणायची तर नळीच लागते. आधी तिच्यात पाणी भरायचं. एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं पोरगा पाणी ओढतो. ओढता ओढता थोडं पोटात जातं. “पेलास का रे सगळं?” असं मिस्त्री विचारतो आणि पोरगा नुसती मान हलवतो, कारण तोंड भरलेलं असतं. मग नळी हवेत धरून टिचक्या मारायच्या. आत हवेचा बुडबुडा राहिला की माप गेलंच. बुडबुडा बाजरीएवढा दिसतो, पण तो असेपर्यंत मिस्त्री पुढं सरकत नाही. टिचकी मारतो, बोटभर वर जातो, पुन्हा टिचकी. बुडबुडा वाटेत एका वळणावर दडून बसतो. नळी उलटी करतात, हलवतात, प्रसंगी शिव्या घालतात. अखेर तो टोकाशी येऊन फुटतो.

मग दोघं दोन टोकं घेऊन निघतात. टोकावर अंगठा. चालताना अंगठा निघाला की पाणी सांडलं आणि पहिल्यापासून. मिस्त्री ठरलेल्या खुणेशी नळी धरतो, पोरगा पलीकडच्या कोपऱ्यात.

“सोड.”

“सोडलं.”

“थांबलं का?”

“हालायलंय.”

“थांबलं का आता?”

“जरा वर जायलंय… थांबलं. थांबलं बगा.”

“मार रेघ.”

मधे भिंत असो, खडीचा ढीग असो, पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला येऊन थांबतं. लाच घेत नाही, ओळख पाळत नाही. त्या वेळी साइटवर कुणी बोलत नाही. लिंबाखालची कमिटीसुद्धा १९४८ मधून परत येऊन नळीकडं बघते.

भिंत चढायला लागली की ओळंबा निघतो. पितळी गोळा, वर त्याच्याच रुंदीची लाकडी चकती, मधे दोरी. चकती भिंतीला टेकवायची आणि गोळा भिंतीशी कसा वागतो ते बघायचं. भिंतीला चिकटून लटकला तर भिंत आत पडतेय; फार लांब राहिला तर बाहेर झुकतेय; नुसता शिवून थांबला तर बरोबर. फरक सांगायचा तो सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सळईवर छापलेलं असतं १० मिलिमीटर, मिस्त्री म्हणतो तीन सूत. सिमेंट किलोत, सळई मिलिमीटरमध्ये, खोली फुटांत, वाळू ब्रासमध्ये आणि चूक सुतात. एवढ्या सगळ्या मापांतून घर चौकोनी निघतं हेच नवल.

गुरुजी एकदा मिस्त्रीला होट्टलबद्दल सांगत होते. देगलूर तालुक्यातलं होट्टल, चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर. सिमेंट नाही, सळई नाही, क्रेन नाही, तरी शतकानुशतकं उभं. “दोरी, ओळंबा आणि छिन्नी, बास,” गुरुजी म्हणाले. मिस्त्रीनं थापी घमेल्याच्या काठावर आपटून साफ केली. “बरोबर हाय गुरुजी. त्याईला मालक रोज येऊन ‘कधी होईल, कधी होईल’ म्हणत नसंल.”

मिस्त्री थट्टा करत नाही तो सळईच्या बाबतीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं, हे लातूर-नांदेडच्या माणसाला सांगावं लागत नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाची फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपेतल्या माणसांवर आली. त्यानंतर मराठवाड्यात कॉलम-बीमवाचून घर म्हटलं की बायकाच नको म्हणतात. पण कॉलम जाड असून भागत नाही. त्यातल्या उभ्या सळयांना जी चौकोनी रिंग घालतात, तिचं टोक आतल्या बाजूला १३५ अंशांत वळवायला हवं. काटकोनात सोडलेलं टोक मोठ्या हादऱ्यात उघडतं, रिंग सुटते आणि सळया बाहेर फाकतात. वळवायला लागते एक लोखंडी दांडी, खिळे ठोकलेली फळी आणि क्षणभर जास्तीचा जोर. तो क्षण वाचवायचा मोह शेकडो रिंगांच्या ढिगाऱ्यासमोर बसलेल्या पोराला होतोच. या घराच्या मिस्त्रीनं काटकोनी रिंगांचा अख्खा भारा परत वाकवायला लावला. पोरगं कुरकुरलं. मिस्त्री एवढंच म्हणाला, “माझी मावशी किल्लारीला व्हती.”

वजनदार यंत्राचा कारभार हलक्या वस्तूकडं कसा जातो, याचं सरकारी उदाहरण बघायचं तर शेजारच्या धर्माबाद तालुक्यात बाभळीला जावं. गोदावरीवर बंधारा, चौदा लोखंडी दरवाजे, ते उचलायची यंत्रणा. हे सगळं चालतं कॅलेंडरवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं १ जुलैला दरवाजे उघडायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवायचे. म्हणजे नदीला पाणी असतं तेव्हा दरवाजे वर, आणि दरवाजे खाली येतात तेव्हा पाऊस रजेवर गेलेला. वर १ मार्चला ठरलेलं थोडं पाणी तेलंगणाला सोडायचं. दरवाजे हलतात तेव्हा दोन्हीकडचे अधिकारी हजर असतात, पंचनामा होतो, सह्या होतात. कालनिर्णयाच्या पानानं इतकं लोखंड उचललेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

असो. स्लॅबचा दिवस.

स्लॅबची टोळी वेगळी असते. ती आपला मिक्सर ओढत आणते, त्याला लिफ्ट जोडलेली. पूर्वी बायका-पुरुष शिडीवर रांग लावून घमेली वर चढवायचे. आता माल लोखंडी पेटीत बसून वर जातो आणि बायका खाली खडीशी उभ्या राहून घमेली भरतात. कष्ट खाली उतरले, एवढीच प्रगती. मिक्सरच्या अंगावर १०/७ लिहिलेलं असतं : दहा घनफूट कोरडा माल खातो, सात घनफूट ओला ओकतो. बाकीचे तीन कुठं जातात, असं गुरुजींनी विचारलं. खडीच्या फटींत वाळू, वाळूच्या फटींत सिमेंट, असं त्याचं खरं उत्तर. टोळीचा मुकादम म्हणाला, “आमी नाय घेतले.”

या सगळ्या गदारोळाचा खरा मालक म्हणजे एक गंजका डबा. एका गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरतं. ते या डब्यानं मोजायचं. पण वरून आरोळी येते, “पातळ सोड रेऽऽ!” पातळ माल पसरायला सोपा, ओढायला हलका. जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं सोडून जातं. घराची ताकद त्या छिद्रांतून कमी होते. म्हणून मिस्त्री दिवसभर डब्याशी उभा. लघवीला गेला तेवढ्यात चार गोण्या पातळ झाल्या. भर दुपारी व्हायब्रेटर बंद पडला. मालातली हवा काढणारं ते यंत्र. दोरी ओढून ओढून तिघं घामाघूम झाले, चौथ्यानं प्लग काढून फुंकला, पाचव्यानं त्याला लाथ घातली. शेवटी सळईचे तुकडे घेऊन सगळे टोचायला बसले. त्या वेळी पश्चिमेला ढग आले, हे वेगळं सांगायला नको. स्लॅब आणि ढग यांचा काहीतरी जुना करार आहे.

स्लॅब पडला की टोळीला मटण, हा नियम कुठल्याही सरकारी संहितेपेक्षा कडक पाळला जातो. गुरुजी माळकरी. दोन्ही बाजूंनी ताणलं. अखेर गुरुजींनी गळ्यातल्या माळेला हात लावून तोडगा काढला : “मी करणार नाही, खाणार नाही, बघणार नाही. पैसे देतो. पुढं तुम्ही आणि पांडुरंग.” मुकादमानं नोटा मोजल्या आणि म्हणाला, “पांडुरंगाला कितीचं घालायचं?”

मग पाणी मारण्याचे दिवस. स्लॅबवर मातीची आळी बांधून त्यांत पाणी साठवायचं. गल्लीत प्यायला टँकर आणि गुरुजींच्या स्लॅबला पोहायला पाणी, यावरून शेजारणी आठवडाभर बोलल्या. खालचे टेकू कधी काढायचे त्याचाही नियम आहे : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, मोठ्याला चौदा. प्रत्यक्षात ते सेंट्रिंगवाल्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या मुहूर्तावर निघतात. ते गिऱ्हाईक म्हणजे गुरुजींचेच व्याही. व्याह्यांनी चांगला मुहूर्त धरला की वाईट, हे गुरुजी चारचौघांत बोलत नाहीत.

घर झालं. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला आणि आम्ही सगळे शेजारधर्माला जागून गच्चीवर चढलो. पाण्यासाठी पाईप ठेवला होता पूर्वेच्या कोपऱ्यात. पाणी जमलं होतं पश्चिमेच्या. बोटभर खोल, स्वच्छ, निवांत. मिस्त्रीला बोलावलं. तो आला, पाण्याकडं बघितलं, पाईपकडं बघितलं, पिशवीतून नळी काढली. पोरानं पाणी ओढलं, अंगठे लागले, दोघं दोन कोपऱ्यांत गेले.

“थांबलं का?”

“थांबलं.”

“किती?”

“इकडं तीन सूत वर हाय.”

मिस्त्रीनं नळी उजेडाकडं धरली, डोळे बारीक केले, आणि टिचकी मारली.

“नळीत हवा धरलीया, गुरुजी.”